शिळं कल्चर

“कल अबोली मॅडम का डेमो है,” प्राचार्य लॅबच्या दारातूनच म्हणाले, “तो जो भी सामान लगे, ज्योत्स्ना मॅडम, आप देख लेना. आपसे अच्छा लॅब कौन जानता है?”

ज्योत्स्नाने मान डोलावली. तिच्या हातात रंगाचा ड्रॉपर होता. तो तिने एवढ्या जोरात दाबला की काचपट्टीवर पडायचा जांभळा रंग थेट ओट्यावर सांडला. स्वतःची तारीफ तिच्या कानापर्यंत पोचलीच नाही. कानात अडकून बसलं ते फक्त ‘अबोली मॅडम’. प्राचार्यांनी अबोलीला मॅडम म्हणावं, हे एक वेळ ठीक. पण आता आपल्यालाही म्हणावं लागणार, या विचारानेच तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

ही अबोली इथे शिकायला किरनापूरहून बसने यायची, तेव्हा तिला ड्रॉपर धरता येत नव्हता. जीवाणू रंगवताना, ग्राम स्टेन करताना, बोटं जांभळी करून घ्यायची आणि आठवडाभर तशीच फिरायची. तारेचा लूप बर्नरवर लाल करून तसाच कल्चरमध्ये, म्हणजे वाढवलेल्या जीवाणूंत, बुडवला की चुर्र आवाज येतो आणि जीवाणू मरतात, लूप आधी थंड होऊ द्यायचा असतो, हे तिला कोणी शिकवलं? ज्योत्स्नाने. एमएस्सीला जा, घरच्यांना मी सांगते, असं म्हणून किरनापूरला तिच्या बापाशी बोलायला कोण गेलं? तेही ज्योत्स्नाच. आता ती पुण्याहून पीएचडी होऊन आली होती, तीही जीवाणूंच्या पेशीच्या भिंतीवर. ज्या भिंतीवर ज्योत्स्ना दर वर्षी दोन तास बोलायची, तिच्यावर या पोरीने पाच वर्षं काढली होती.

हेही एक वेळ सोसलं असतं. पण बालाघाटच्या या खाजगी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची कायमची जागा यंदा पहिल्यांदाच निघाली होती. आजवर ज्योत्स्ना वर्षाच्या करारावर शिकवत आली. जुलै आला की नवी ऑर्डर आणि तोवर कशाचीच खात्री नाही. नव्या नियमात पीएचडी असलेल्याला आधी पसंती होती. ज्योत्स्नाने पीएचडीसाठी जबलपूरला नाव नोंदवलं होतं खरं, पण तेव्हाच तिची मुलगी खुशी पोटात राहिली आणि ते तसंच सुटलं. तरी प्राचार्यांनी तिचाही अर्ज पुढे पाठवला. तिचा डेमो, म्हणजे निवडीसाठीचा नमुना तास, सोमवारी झाला. जबलपूरहून आलेले तज्ज्ञ सर शेवटी म्हणाले होते, “आवाज अच्छी है आपकी.” दोन दिवस ती त्या वाक्यातून काही निघतं का ते चाचपत होती. काही निघत नव्हतं.

दुपारी घरी जेवताना हेमराज, तिचा नवरा, वरणात पोळी बुडवत म्हणाला, “तुही पोरगी आली म्हणे पुण्याहून. ऑफिसात तेजराम सांगत होता, त्याच्याच गावची हाय ना.”

“माही पोरगी कायले? किरनापूरची हाय ते.”

“तूच त शिकवली. मोठी झाली त चांगलंच हाय ना. तुलेच नाव भेटन.”

“मले नाव नाही पाह्यजे. मले ते जागा पाह्यजे,” ज्योत्स्ना म्हणाली आणि ताट घेऊन उठली. हेमराज चांगला माणूस होता, पण वीज मंडळात राहून त्याला वाटायचं की कुठे अंधार झाला की फ्यूज बदलला म्हणजे झालं.

अबोली संध्याकाळी लॅबवर आली. आली ती सरळ वाकून पाया पडली. ज्योत्स्नाला मागे सरायलाही जागा मिळाली नाही. पाया पडणाऱ्या माणसाचा राग करणं फार अवघड असतं, म्हणून तिला जास्तच राग आला.

“मॅडम, वास तसाच येऊन राह्यला लॅबचा,” अबोली हसत म्हणाली. “मले त पुण्यात पण याद यायची.”

“पुण्यात चांगल्या लॅब अस्तीन.”

“अस्तीन त काय. मॅडम, एक काम होतं.” तिने ओट्यावर बोटाने जागा आखली. “उद्या दोन नळ्या दाखवीन म्हणते. एकीत नुसते जीवाणू, दुसरीत जीवाणू आणि ॲम्पिसिलिन. तासाच्या शेवटी दुसरी नळी पाण्यासारखी साफ झाली पाह्यजे. पोरायले डोयानं दिसलं की मंग समजते. आज कल्चर लावून ठेवा, आणि सकायी त्यातलं थोडंसं ताज्या ब्रॉथमंधी टाकून द्या. मी आली असती, पण सकायची बस दहालेच पोचते.”

“हौ, देते ना करून.”

“ताज्याच ब्रॉथमंधी, मॅडम.”

“समजलं मले,” ज्योत्स्ना म्हणाली. आपल्याला शिकवायला निघाली, असं तिच्या मनात आलं.

तिला खरंच समजलं होतं. एका वर्षी तिचा स्वतःचा हा प्रयोग वर्गासमोर फसला होता. गडबडीत आदल्या दिवशीचं कल्चर तसंच वापरलं, औषध घातलं, आणि नळी तास संपेपर्यंत ढिम्म गढूळ. पोरं फिदीफिदी हसली. तिने औषधाची मुदत संपलीय असं सांगून वेळ मारून नेली. पण ताजं कल्चर घेतलं की त्याच औषधाने नळी साफ होते, हे तिने नंतर पाहिलं होतं. असं का होतं, हे वाचून काढायचं तिने तेव्हा ठरवलं होतं. मग परीक्षा आल्या, आणि पुढे ते डोक्यातून गेलं.

सकाळी ती लॅबवर आली तेव्हा व्हरांड्यात कोणी नव्हतं. खिडकीतल्या नळीत रात्रभर वाढलेलं कल्चर ताकासारखं दाट झालं होतं. एप्रिलच्या बालाघाटात इन्क्युबेटरची गरज नसते, खिडकी पुरते. शेजारी ताज्या ब्रॉथची, जीवाणूंच्या खाद्याच्या पाण्याची, नळी तयार होती, स्वच्छ, चहाच्या पाण्याच्या रंगाची. त्यात दोन थेंब टाकायचे आणि अधूनमधून हलवायचं, एवढंच काम.

तिने ताज्या ब्रॉथची नळी उचलली आणि परत स्टँडमध्ये ठेवली. मग मिठाच्या पाण्याची बाटली घेतली. जुनं कल्चर तिने त्या मिठाच्या पाण्यात थोडं थोडं मिसळलं. एका कागदावर काळ्या रेघा ओढल्या, नळी त्या कागदासमोर धरली, आणि पलीकडच्या रेघा जेमतेम दिसतील इतपत गढूळपणा जमवला. ताजं वाढतं कल्चर अकराच्या सुमाराला नेमकं असंच दिसतं. तिचा हात इतका बसलेला होता की पहिल्याच खेपेला जमलं. आपण हे किती नीट करतोय, याचं तिला क्षणभर कौतुक वाटलं, आणि लगेच अंगावर काटा आला. तरी तिने नळ्यांना कापसाचे बोळे लावले आणि त्या डेमोच्या खोलीत नेऊन ठेवल्या.

अबोलीचा तास भरगच्च झाला. पहिल्या बाकावर प्राचार्य आणि जबलपूरचे सर, मागे सगळी पोरं. काही तर दुसऱ्या वर्गातून येऊन उभी होती. ज्योत्स्नाच्या डेमोला उभं कोणी नव्हतं. हे तिने खोलीत शिरताशिरताच मोजून टाकलं.

अबोलीने नळीत औषध घातलं, नळ्या खिडकीच्या उन्हाजवळ ठेवल्या आणि बोलायला लागली. फळ्यावर तिने आकृती काढलीच नाही. ती म्हणाली, “एक सायकल का टायर सोचो. अंदर हवा पूरी भरी है. अब ये टायर चलते-चलते लंबा भी होते जाना चाहिए, और हवा एक बार भी निकलनी नहीं चाहिए. बताओ, कैसे करोगे?”

पोरं विचारात पडली. कोणी म्हणालं ताणायचं, कोणी म्हणालं पंक्चरसारखं ठिगळ लावायचं. ज्योत्स्ना मागच्या भिंतीला टेकून उभी होती आणि आपल्यालाही उत्तर द्यावंसं वाटतंय, याचा तिला संताप आला.

मग अबोलीने सांगितलं. भिंतीचे तुकडे भिंतीत तयार होत नाहीत. ते पेशीच्या पोटात तयार होतात, जिथे प्रथिनं बनतात त्याच गर्दीत. तिथून ते पातळ पडद्यातून बाहेर पोचवले जातात. बाहेर कारागीर उभे असतात. त्यांतले काही जुनी भिंत जरा कापतात, आणि काही त्या फटीत नवा तुकडा सांधतात. आतला पसारा ज्या वेगाने वाढतो, त्या वेगाने भिंत वाढली पाहिजे. मागे पडली तर पेशी फुटेल. भिंत आपल्या मर्जीने वाढत नाही, तिला आतून निरोप येतो.

ज्योत्स्नाला हे माहीत होतं. सुटं सुटं माहीत होतं. पण ती स्वतः वर्गात ‘भिंत कडक असते, आकार देते, संरक्षण करते’ असं सांगून पुढे जायची. कोणाच्या घराच्या कंपाउंडबद्दल सांगावं तसं. हे असं आपल्याला का नाही सुचलं, या विचाराने तिचा जीव नुसता जळत होता. आणि त्या जळण्याला एकच ओलावा होता. तिची नजर खिडकीतल्या दुसऱ्या नळीवर होती. नळी गढूळ होती.

तास संपत आला. अबोलीने दोन्ही नळ्या उचलून वर धरल्या. दोन्ही सारख्याच गढूळ. मागून कोणीतरी हसलं.

जबलपूरच्या सरांनी चष्मा कपाळावर चढवला. “मॅडम, आपकी दवाई ने तो काम किया नहीं.”

अबोली नळीकडे बघत राहिली. मग तिने बोळा काढून वास घेतला आणि मान वर केली. मागच्या भिंतीपर्यंत तिची नजर आली. ज्योत्स्नाने खाली बघितलं. आता ही नाव घेणार. सगळ्यांसमोर घेणार.

“सर, दवाई ठीक है,” अबोली म्हणाली. “गलती मेरी है. मेरे कल्चर में खाना ही नहीं था. ये जीवाणू जिंदा हैं, पर बढ़ नहीं रहे.” आणि तिच्या आवाजात एकदम उत्साह आला, ठरवून आणलेला नाही, खरा. “पर ये तो और अच्छा हुआ. सब लोग देखो इसको. हम बोलते हैं ना कि पेनिसिलिन, ये ॲम्पिसिलिन भी वही है, दीवार तोड़ता है? गलत बोलते हैं. वो दीवार को हाथ भी नहीं लगाता. वो सिर्फ जोड़ने वाले कारीगर को रोकता है. काटने वाला काटता रहता है, अंदर का माल बढ़ता रहता है, और पेशी खुद अपने जोर से फट जाती है. अब जिसके अंदर कुछ बन ही नहीं रहा, उसकी दीवार कोई काट नहीं रहा, कोई जोड़ नहीं रहा. उसको दवाई से क्या फरक पड़ेगा? वो तो आराम से बैठा है.”

जबलपूरचे सर पुढे झुकले होते. अबोलीने पहिल्या, बिनऔषधाच्या नळीतले थोडे थेंब ताज्या ब्रॉथमध्ये टाकले, तो दुपारपर्यंत उन्हात ठेवणार आणि मग तेच औषध त्यात घालणार असं सांगितलं. “जिसको देखना है, रुक जाओ.”

“बहुत बढ़िया,” सर म्हणाले. कोणाच्या आवाजाबद्दल ते काही बोलले नाहीत.

आराम से बैठा है. ज्योत्स्ना तशीच भिंतीला टेकून होती. ते वाक्य तिला उद्देशून नव्हतं, हे तिला पक्कं कळत होतं. अबोलीच्या मनात तसं काही येणारच नाही, हेही कळत होतं. उद्देशून असतं तर भांडता तरी आलं असतं.

साहेबमंडळी जेवायला गेली. पोरं व्हरांड्यात पांगली. खोलीत दोघीच उरल्या. अबोली नळी दोन्ही तळव्यांत धरून रवी घुसळावी तशी फिरवत होती.

“रातचंच कल्चर होतं,” ज्योत्स्ना म्हणाली. “मीठपाण्यात मीच पातळ केलं. जाणूनबुजून केलं.”

“मालूम हाय, मॅडम. वासानंच समजलं.”

“मंग काहून नाही बोलली?”

अबोलीने नळी उन्हात धरून पाहिली. “तुमचं नाव घेतलं असतं त त्या सरायले तेवढंच याद राह्यलं असतं. तुमचा पण त अर्ज हाय ना.”

ज्योत्स्नाला वाटलं, हिने ओरडावं. तोंडावर म्हणावं, मॅडम, लाज नाही वाटत? डेमोही हिचाच, तासही हिचाच, वरून मोठेपणाही हिनेच घ्यायचा? निदान माझ्यावर चिडायचं तरी होतं. ज्योत्स्ना मोठ्याने म्हणाली, “तुले राग कसा नाही येत वं?”

“आला होता ना,” अबोली म्हणाली. “लय आला होता. वास घेतला तवाच आला. हे नळी साफ होऊ द्या, मंग येते परत.” आणि तिने नळी ज्योत्स्नापुढे धरली. “माहे हात दुखले. तुमी फिरवा थोडं.”

ज्योत्स्नाने नळी घेतली. काच कोमट होती. तिने ती फिरवायला सुरुवात केली. हळूहळू नळीत धुकं आल्यासारखं झालं. अबोलीने औषध घातलं. पोरं परत आली, खिडकीशी दाटीवाटीने उभी राहिली. ज्योत्स्नाने मागे कागद धरला. आधी रेघा पुसट होत्या. मग त्या जरा काळ्या झाल्या. मग नळीच्या तळाला पांढरट धागे लोंबायला लागले आणि वरचं पाणी निवळलं, इतकं की प्रियंका नावाच्या एका पोरीने नळीतून पलीकडची रेघ बोटाने दाखवली. “फट गए, मॅडम. सब फट गए.”

ती कोणत्या मॅडमला म्हणाली, ते कळलं नाही. दोघीही हसल्या. ज्योत्स्नाचं हसू आधी ओसरलं.

ती तिथून थेट प्राचार्यांकडे गेली. जबलपूरचे सर ताक पीत बसले होते. “सर, सकाळच्या कल्चरची गलती अबोली मॅडमची नव्हती,” ती मराठीतच म्हणाली, मग सावरून हिंदीत म्हणाली. “कल्चर मैंने खराब दिया था. जानबूझकर दिया था.” ‘अबोली मॅडम’ हे शब्द तिने आपणहून पहिल्यांदाच उच्चारले होते. प्राचार्यांनी पेला खाली ठेवला.

हे तिने चांगुलपणाने केलं, असं कोणी समजू नये. अबोलीच्या उपकाराखाली राहणं तिला सोसवत नव्हतं, एवढंच खरं.

जागा अबोलीला मिळाली. ती मिळणारच होती. ज्योत्स्नाचा करार यंदा होईल की नाही यावर बराच खल झाला. अखेर प्राचार्यांनी तिला बोलावून सांगितलं की थिअरीचे तास अबोली मॅडम घेतील, ज्योत्स्ना मॅडमनी फक्त प्रॅक्टिकल बघायचं. ती हो म्हणाली. हेमराज म्हणाला, सोडून दे, किरनापूर रोडच्या शाळेत विचारून पाहू. तिने सोडलं नाही. का नाही सोडलं, ते तिला नीट सांगता येत नव्हतं. मात्र उन्हाळ्याच्या उरलेल्या दिवसांत ती दुपारी दार लावून मोबाइलवर वाचत बसायची. भिंतीबद्दलच वाचायची. इंग्रजी अडायचं, एकेक पान दोनदा वाचावं लागायचं. अबोलीने जे पुण्यात वाचलं असेल ते आपण वाचून काढायचंच, अशी तिची जिद्द होती आणि ती जिद्द शुद्ध मत्सराची होती. एवढं झपाटून तिने एमएस्सीलाही वाचलं नव्हतं.

जुलैत वर्ग सुरू झाले. लॅब आणि वर्गखोली यांच्यामध्ये एक दार होतं, ते नीट लागायचं नाही. ज्योत्स्ना इकडे नव्या पोरांसाठी काचपट्ट्या पुसत होती आणि पलीकडून अबोलीचा आवाज येत होता. तोच टायर, तीच हवा. पोरं हसली. ज्योत्स्ना कापड हातात घेऊन दाराशी जाऊन उभी राहिली. एखादी तरी चूक सापडावी म्हणून तिने कान दिला. सापडली नाही.

मग आतून एका मुलीचा आवाज आला. “मॅडम, अगर बाहर नमक का पानी हो, तो हवा का जोर कम हो जाएगा ना? तब दीवार बढ़ना बंद हो जाती है क्या?”

ज्योत्स्नाचे ओठ हलले. “नाही होत बंद,” ती पुटपुटली. “पेशी आक्रसून बसते, म्हणून दिसत नाही. पण आतून माल येणं चालूच राह्यते, भिंतीत तुकडे लागतच राह्यतात. मीठ काढलं की एकदम तेवढी लांब होते, जेवढी मधल्या वेळात झाली असती.”

आणि अबोलीने आत तेच सांगितलं, हिंदीत. जवळजवळ त्याच क्रमाने. फक्त तिचं उत्तर दोन वाक्यं लांब होतं. ती दोन वाक्यं ज्योत्स्नाला माहीत नव्हती. ती ऐकायला ज्योत्स्ना दारापाशी थांबली.